माझा पाव फुगेना!

मैत्रिणींनो, यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका पावावरून रामायण घडलं. पाव म्हणजे बेकरीतला मऊ लादीपाव नव्हे हं! बाजारचं यीस्ट न घालता, नुसतं पीठ-पाणी आंबवून त्या आंबवणावर फुगवतात तो सावरडो पाव. २०२० च्या टाळेबंदीत त्याचं वेड जगभर पसरलं, तेव्हा मी त्यातून सुटले होते. पण मार्चमध्ये भाचीकडे तो खाल्ला. वरून खरपूस कवच, आत जाळी आणि ताकासारखी आंबूस चव! म्हटलं, त्यात काय एवढं? तीस वर्षं इडलीचं पीठ आंबवतेय मी!

हा तोरा पुढच्याच आठवड्यात उतरला.

काचेच्या बरणीत वाटीभर कणीक आणि वाटीभर पाणी कालवून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ते दुप्पट फुगलं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. चौथ्या दिवशी मात्र बरणी थंडगार! एक बुडबुडा नाही, वर घाणेरडा वास. मेलं म्हणून फेकून दिलं आणि पुन्हा नवं लावलं. तेही चौथ्या दिवशी गप्प. तेही फेकलं.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या दोन दिवसांतला फुगवटा यीस्टचा नसतोच. पिठातले भलतेच जिवाणू तेव्हा वायू सोडत असतात. हळूहळू आंबटपणा वाढतो, तो त्यांना सोसत नाही आणि ते मरतात. मग दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद जम बसवतात आणि त्यांच्या जोडीने पिठातलंच रानटी यीस्ट वाढू लागतं. मधले दोन-तीन दिवस बरणी गप्प दिसते, पण आत काम चालू असतं. तेव्हा चौथ्या दिवशी धीर सोडू नका. मात्र गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, बुरशी धरली, तर ते सगळं बिनदिक्कत टाकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

तिसऱ्या खेपेला आंबवण जगलं, पण घरातली शांतता गेली. कृतीत लिहिलं होतं, रोज निम्मं काढून टाका आणि उरलेल्याला नवं पीठ-पाणी द्या. रोज वाटीभर पीठ टोपलीत! आमच्या सासूबाई मूळच्या सांगोल्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीवर त्यांनी दिवस काढलेले. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी बरणी उपडी करतेय तोच त्या ओट्यापाशी आल्या, टोपलीत पाहिलं आणि न बोलता देवघरात जाऊन बसल्या. त्या रात्री जेवल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं!

मी हट्टाने पुढे रेटलं. पहिला पाव झाला विटेसारखा. दुसऱ्याचं पीठ भांड्यातून काढलं तर ओट्यावर धिरड्यासारखं पसरलं. आमचे हे म्हणाले, "तव्यावर टाक, निदान नाश्ता तरी होईल." तिसरा वरून करपला, आतून चिकट. पाच पाव वाया गेले. शेवटी बरणी फेकायलाच निघाले, तर सासूबाईंनी हात धरला.

"अगं, विरजणाला आपण चमचाभर दही ठेवतो ना? मग हे पातेलंभर कशाला जगवतेस? आणि उन्हाळ्यात विरजण कमी लावायचं, हिवाळ्यात जास्त, हे तुला सांगायला हवं का?"

खरं सांगते, मैत्रिणींनो, मला माझीच लाज वाटली. मी त्या परक्या कृतीचं घड्याळ पाहत बसले होते. ती लिहिली होती थंड देशातल्या, वीस-एकवीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी. तिथे पीठ आठ-दहा तास ठेवायचं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी माझ्या ओट्याजवळ तेहतीस अंश! तेवढ्या वेळात आमचं पीठ फुगून, आंबून, खालीही बसत होतं. इडलीच्या पिठाचं थोडं जास्त झालं तरी निभावतं. गव्हाचं तसं नाही. पाव उभा राहतो तो गव्हातल्या चिवटपणावर, आणि पीठ फार आंबलं की तो चिवटपणाच तुटतो. मग पीठ पसरणार नाही तर काय?

दुसरी अडचण घरच्या कणकेची. चक्कीत गहू रगडून दळला जातो, त्यात पिठातला पिष्ट चेचला जाऊन पाणी जास्त पितो. पोळी त्यानेच मऊ होते, पण पावाचं पीठ चिकट होतं. शिवाय कोंड्यामुळे चिवट धागे तुटतात. तेव्हा शिकताना तीन भाग मैदा आणि एक भाग कणीक घ्यावी. खपली गहू खिरीला उत्तम, पण त्याच्या पिठात पाव उभा धरण्याचा जोर कमी. हात बसल्यावर थोडा थोडा घालून पाहावा.

आंबवण असे करावे

दोन चमचे कणीक आणि लागेल तेवढे पाणी घेऊन भज्याच्या पिठाइतके घट्ट कालवावे. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून मग वापरावे. बरणीचे झाकण सैल ठेवावे. रोज त्यातले चमचाभर ठेवून त्याला दोन चमचे कणीक आणि पाणी द्यावे. पहिल्या आठवड्यात काढलेले आंबवण खाऊ नये, कुंडीच्या मातीत मिसळावे. पीठ दिल्यावर चार ते सहा तासांत दुप्पट होऊ लागले आणि वास फळासारखा आंबूस आला, की आंबवण तयार झाले. मग फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ द्यावे. यापुढे उरलेले टाकू नये. त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी घालावीत.

साहित्य : ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, २५० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, नुकतेच फुगून वर आलेले आंबवण – उन्हाळ्यात ४० ग्रॅम, थंडीत १०० ग्रॅम. वाटीने मोजू नये, दाबून भरल्यास फरक पडतो. छोटा वजनकाटा घ्यावा.

कृती : पीठ, पाणी आणि आंबवण कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. मग मीठ घालून मळावे. पुढे दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने पिठाच्या कडा ओढून मध्यावर दुमडाव्या. असे चार वेळा करावे. पीठ दीडपटीहून थोडे जास्त झाले की थांबावे. उन्हाळ्यात याला चार-पाच तास लागतात, डिसेंबरात दहासुद्धा. सरळ उभ्या भांड्याला बाहेरून खडूची खूण करावी, म्हणजे अंदाज चुकत नाही. मग गोळा वळून, पीठ भुरभुरलेल्या फडक्यात ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी जाड बुडाचे, झाकणाचे लोखंडी भांडे ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास तापवावे. गोळा त्यात ठेवून वर सुरीने चीर द्यावी. पंचवीस मिनिटे झाकून आणि वीस मिनिटे उघडे भाजावे. बुडाला टकटक केल्यास पोकळ आवाज आला पाहिजे. निदान तासभर निवल्याशिवाय कापू नये. माझा तिसरा पाव आतून चिकट लागला, कारण मला तेवढा धीर नव्हता!

शेजारच्या वहिनींनी विचारलं, मधुमेहाला हा चालतो ना? आंबवल्याने साखर थोडी सावकाश चढू शकते, पण पाव तो पावच. मोजूनच खावा. ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांना हाही वर्ज्यच.

आणि आंबवणाचा पाव म्हणजे फक्त परदेशी कला, असंही नाही. गोव्याचे पोदेर पूर्वी माडाची सूर घालूनच पाव फुगवीत. यीस्टची पाकिटं नंतर आली.

सहावा पाव जमला. फार उंच नाही, पण आत जाळी पडली होती. सासूबाईंनी कडेचा तुकडा तुपात बुडवून खाल्ला. मी श्वास रोखून उभी.

"मीठ जरा कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

आता आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या वाटीशेजारी एक छोटी बरणी असते. तिला पीठ घालायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. मला त्या हातही लावू देत नाहीत!