विसराळूपणाची तपासणी गावातच हवी

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनी ‘लवकर निदान करा’ असे दरवर्षी सांगितले जाते. सल्ला योग्य आहे. पण तालुक्याच्या गावातल्या माणसाने ते निदान कुठे करून घ्यायचे? मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर मोठे शहरच गाठावे लागते. मग म्हातारी माणसे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, की घरचे ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटवतात. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वयाचे असू शकते. जन्मभर ज्या देवळात गेलो तिथून घरची वाट न सापडणे हे वयाचे नव्हे.

‘औषधच नाही, तर निदान करून काय उपयोग?’ असे शिकलेली माणसेही विचारतात. मला हे मुळीच पटत नाही. थायरॉईडचा विकार, बी-१२ची कमतरता, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या गोळ्या, यांनीही स्मृती ढासळते आणि वेळेवर उपचार झाले तर पुष्कळदा सुधारते. तपासलेच नाही, तर बरे होणारे माणूसही ‘वय झालं’मध्ये जमा होते. आणि आजार अल्झायमरच निघाला, तरी बँकेचे खाते, मृत्युपत्र, पुढे कोणाकडे राहायचे, हे त्या माणसाला स्वतः सांगता येते तोवरच ठरवता येते. हा त्याचा हक्क आहे.

तपासणी कशी होते, हेही पाहायला हवे. माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. भिशीचा हिशोब तोंडी ठेवणाऱ्या. एका दवाखान्यात त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला आणि घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. हातात पेन्सिल धरूनच त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. महिना विचारला तेव्हा ‘आश्विन’ म्हणाल्या, तर समोरच्याला ‘ऑक्टोबर’ हवे होते. अशा गुणांवरून स्मृती मोजली जाते की शाळा? हरियाणातील बल्लभगड भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी १९९०च्या दशकातच लिहिण्यावाचण्यावर न विसंबणारी हिंदी चाचणी तयार झाली होती. आपल्या दवाखान्यांतही वार, सण, तिथी, बाजारहाट यांवर बेतलेले मराठी प्रश्न वापरले जावेत.

आशाताई घरोघरी जो अर्ज भरून घेतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे हे चांगलेच, पण पत्ता विसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय विसर पडणाऱ्याला आपण विसरतो हे बहुधा उमगत नाही. म्हणून सून, मुलगा, जोडीदार यांना विचारावे: गेल्या वर्षभरात पैशांचे व्यवहार, स्वयंपाक, औषधे घेणे यांत फरक पडला का? उत्तर ‘हो’ आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थायरॉईड व बी-१२साठी रक्ताचा नमुना घ्यावा, कान तपासावेत, चालू गोळ्या पाहाव्यात आणि गरज वाटल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. आरोग्य विभागाने येत्या अर्थसंकल्पात या तपासणीसाठी तरतूद करावी, आणि वाचकांनीही आपल्या घरातल्या ज्येष्ठांना तोवर थांबवू नये.

– एक वाचक, कराड