कर्जवसुलीचे फोन आणि घरातले ज्येष्ठ: सॉफ्टवेअर काय करतं, नियम काय सांगतात?

हप्ता थकला की फोन सुरू होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फोन कोणाला, कधी आणि किती वेळा लावायचा हे कोण ठरवतं? बऱ्याच ठिकाणी ते काम आता सॉफ्टवेअर करतं. आणि त्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने २८ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या आजी यांच्यात काहीच फरक नसतो. दोघंही यादीतली एक-एक ओळ.

फोन लावतं कोण?

थकीत खात्यांचे आधी गट पडतात: १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९०. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँकेला ते कर्ज एनपीए म्हणून दाखवावं लागतं, त्यामुळे त्याआधी दबाव वाढतो. ही यादी ऑटो-डायलरला दिली जाते. तो एकाच वेळी अनेक नंबर लावतो आणि जो उचलेल त्याला मोकळ्या एजंटशी जोडतो. आपण 'हॅलो, हॅलो' म्हणतो आणि पलीकडे दोन सेकंद शांतता असते, ती याचमुळे.

आता गंमत बघा. कोणता नंबर किती वाजता उचलला गेला, याची नोंद सिस्टिममध्ये राहते. तरुण माणूस अनोळखी नंबर कट करतो, ब्लॉक करतो. आजोबा मात्र उचलतात, आणि 'साहेब, साहेब' करत पूर्ण ऐकूनही घेतात. मग 'फोन लागण्याची शक्यता' एवढंच गणित मांडणाऱ्या सिस्टिमला हा नंबर चांगला वाटतो आणि ती तो पुन्हा लावते. 'म्हाताऱ्यांना त्रास द्या' असा कोड कुणी लिहिलेला नसतो. फक्त किती फोन लागले आणि किती पैसे आले एवढंच मोजलं, की परिणाम तोच होतो.

नियम काय आहेत?

आरबीआयने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुली एजंटांबद्दल स्पष्ट लिहिलंय:

- सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. (मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ ९ ते ६ आहे.)
- सतत फोन, धमकी, निनावी कॉल, चारचौघांत अपमान, यातलं काहीही चालत नाही.
- घरचे, मित्र किंवा अर्जात रेफरन्स म्हणून नाव दिलेल्या लोकांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही.
- एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच.

डिजिटल कर्जात एजंट नेमला किंवा बदलला, तर त्याची माहिती त्याने संपर्क करण्याआधी कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेलने मिळायला हवी. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो उघडायची परवानगी नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. जामीनदार आणि रेफरन्स हे दोन वेगळे आहेत. नातवाच्या कर्जाला आजोबांनी जामीन म्हणून सही केली असेल, तर कायद्याने तेही देणेकरी आहेत. फक्त फोन नंबर दिला असेल, तर एक रुपयाही देणं लागत नाहीत. तसंच पतीच्या निधनानंतर पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर वसुली पतीने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच होऊ शकते. 'आता तुम्हीच भरा' म्हणणाऱ्याकडे आधी सहीचा कागद मागा.

पैसे आहेत, तरी बाउन्स

सगळेच ज्येष्ठ पैसे नाहीत म्हणून थकत नाहीत. समजा, हप्ता ३ तारखेला कापला जातो आणि पेन्शन त्या महिन्यात ५ ला जमा झाली. ऑटो-डेबिट बाउन्स. खातं असलेली बँक शुल्क लावणार, कर्ज देणारी संस्थाही लावणार. दोन्हीकडे ५०० रुपये धरले तरी दोन दिवसांच्या उशिराचे १,००० रुपये झाले. वर डायलरच्या यादीत नाव.

इथे उपाय साधा आहे: हप्त्याची तारीख बदलून द्या, असा लेखी अर्ज करा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे उशिराचा दंड वाढीव व्याजाच्या रूपात लावता येत नाही, आणि दंडावर पुढे व्याजही चढवता येत नाही. स्टेटमेंटमध्ये हे तपासा.

मग वसुली करायचीच नाही का?

करायची. बँक जे पैसे कर्जाऊ देते ते ठेवीदारांचे असतात, आणि त्यात कितीतरी आजी-आजोबांच्या एफडी असतात. प्रश्न वसुली कशी करायची हा आहे. सॉफ्टवेअर म्हणून बघितलं तर बदल फार मोठे नाहीत: एका नंबरवर आठवड्याला किती फोन याची कडक मर्यादा, बोटऐवजी थेट माणूस, कर्जदाराच्या भाषेत संवाद, 'ऐकू कमी येतं, पत्र पाठवा' अशी नोंद करायची सोय, आणि घरात मृत्यू किंवा आजारपण असेल तर फोन थांबवायचं बटण. वयाची माहिती केवायसीमध्ये आहेच. कर्ज देताना वय बघितलं जातं, तर वसुली करतानाही बघता येईल.

तुम्ही आज काय करू शकता?

१. फोनवर लगेच पैसे पाठवू नका. एजंटचं नाव, एजन्सी आणि अधिकारपत्र मागा. कर्ज खातं बँकेच्या शाखेत किंवा अधिकृत ॲपवर तपासा.

२. 'आज संध्याकाळी अटक' म्हणणारा फोन कट करा. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाल्यावर कोर्टात तक्रार होऊ शकते, पण त्याआधी लेखी नोटीस येते. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

३. फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. स्क्रीनशॉट ठेवा. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे जा. तक्रार मोफत आहे, माहितीसाठी १४४४८.

४. पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपाल नाही, सहकार खात्याचे निबंधक कार्यालय. खासगी सावकाराविरुद्धची तक्रारही सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडेच जाते.

५. ज्येष्ठांना मदत किंवा नुसता सल्ला हवा असेल तर एल्डरलाइन १४५६७.

आणि शेवटचं. अनेक ज्येष्ठ हे फोन घरात सांगतच नाहीत, लाज वाटते म्हणून. आज त्यांच्या फोनची कॉल लिस्ट एकदा त्यांच्यासोबत बसून बघा. रागावू नका, फक्त विचारा.