टाक्यावरचं नाव

आमच्याकडे येणाऱ्या कथांतली मुस्लिम बाई बहुधा रडतच असते. तलाक, सवत, सासू. दुःख खोटं नाही. पण नणंदा-भावजया दस्तरखान आवरताना ज्या खळखळून हसतात, ते हसू कथेत का येत नाही?

जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ 1817च्या अखेरीस आली. भयकथा वाचून भारावलेली नायिका वादळी रात्री जुन्या कपाटातून कागदांची गुंडाळी काढते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. सकाळी पाहते, तर कपडे धुण्याची बिलं! आणि प्रेम जुळायचं ते जुळतंच.

आपल्याकडे असं रहस्य हवं तर कामशेतजवळच्या बेडसे लेणीत जा. पायऱ्या दम काढतात. वर पाण्याच्या टाक्याशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे: महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची बायको, महारठिनी सामडिनिका हिचं हे दान. बाप आणि नवरा ओळखीपुरते, दान तिचं. (पाणी कुठे हवं ते बाईलाच कळणार.) पण तिला टाकंच का सुचलं?

एखाद्या भगिनीने कॉलेजची सहल तिथे न्यावी, एक वही हरवू द्यावी, एक भोचक खाला सोबत पाठवावी. शेवटी निकाह झाला तरी आमची हरकत नाही. वही मात्र नायिकेनेच शोधावी.