लांब पल्ल्याचे बॉम्बर आणि रोहा-नागोठण्याचा पट्टा

पेण/रोहा, प्रतिनिधी

अमेरिकेच्या सात बी-२ बॉम्बर विमानांनी २२ जून २०२५ रोजी इराणमधील फोर्डो आणि नतान्झ येथील अणुकेंद्रांवर १४ महाकाय बॉम्ब टाकले. ही विमाने मिसुरी राज्यातील व्हाइटमन तळावरून निघाली आणि हवेतच इंधन भरून घेत, सुमारे अठरा तासांचा प्रवास करून लक्ष्यावर पोहोचली. जगाच्या पाठीवरचे कोणतेही ठिकाण आता दूर राहिलेले नाही, हा या मोहिमेचा अर्थ. या घडामोडीचा पेण-रोह्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातील एका सरकारी यादीत आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेण्याचे आदेश दिले. त्यासाठीच्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे पहिल्या श्रेणीत होती. दुसऱ्या श्रेणीत ठाणे, पुणे व नाशिक या शहरांच्या जोडीला रोहा-धाटाव-नागोठणे आणि थळ-वायशेत ही नावे होती. शहरांच्या पंक्तीत ही गावे कशी आली, हे बॉम्बर विमानांचा इतिहास पाहिला की उलगडते.

लक्ष्य कारखान्यांचे

लढाऊ विमान रणांगणावर लढते. लांब पल्ल्याचे बॉम्बर मात्र रणांगण ओलांडून शत्रूची युद्ध चालवण्याची ताकदच मोडण्यासाठी बांधले जाते. त्यामुळे तेलसाठे, पोलाद व रसायनांचे कारखाने, बंदरे आणि रेल्वेची जंक्शने ही त्याची नेहमीची लक्ष्ये. महाराष्ट्राने ही विमाने जवळून पाहिली आहेत. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनीच दाबोळीची धावपट्टी उखडली. १९७१च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरांनी कराचीच्या तेलटाक्यांवर हल्ले केले. कॅनबेरा खरे तर मध्यम पल्ल्याचे विमान होते. पण तेलाची टाकी पेटली की शत्रूचे आरमारही पांगळे होते, हा धडा त्याच युद्धाने दिला.

आता पेण ते रोहा हा पट्टा या नजरेने पाहावा. धरमतर खाडीकाठी डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल, रोह्याजवळ धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, अलीकडे थळचा खत कारखाना आणि उरणला मुंबई हायच्या तेल-वायूचा प्रकल्प. अशा ठिकाणी शत्रूला मोठा बॉम्ब टाकण्याचीही गरज नसते, कारण पेट घेणारा माल तेथे आधीच साठवलेला असतो. नागोठण्याच्या संकुलात नोव्हेंबर १९९० मध्ये वायुगळती होऊन झालेल्या स्फोटात तीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. तेव्हा युद्ध नव्हते, शत्रूही नव्हता.

इशाऱ्याला मिनिटांचा अवधी

लांब पल्ल्याची बॉम्बर विमाने आज अमेरिका, रशिया व चीन या तीनच देशांच्या हवाई दलांत आहेत. पाकिस्तानकडे ती नाहीत. चीनकडे एच-६ जातीची विमाने आहेत. त्यामुळे उद्याच कोकणच्या आकाशात बॉम्बर दिसतील, असे मानण्याचे कारण नाही. मात्र या विमानांचे कामच बदलले आहे. ती आता बहुतेकदा लक्ष्याच्या माथ्यावर येत नाहीत. शेकडो किलोमीटर दुरून क्रूझ क्षेपणास्त्र सोडून माघारी वळतात. अशी क्षेपणास्त्रे जहाजावरून किंवा पाणबुडीतूनही सोडता येतात आणि पाण्यालगत उडत असल्याने उशिरा दिसतात. ताशी ८०० किलोमीटर वेगाचे क्षेपणास्त्र १०० किलोमीटरवर दिसले, तर हाती सात-साडेसात मिनिटे उरतात. पेट्रोकेमिकल प्रकल्प तेवढ्या वेळात सुरक्षितपणे बंद करता येत नाही.

म्हणून समुद्रावरील टेहळणी महत्त्वाची. टीयू-१४२ हे रशियाच्या टीयू-९५ या बॉम्बरचेच सागरी रूप. भारतीय नौदलाने १९८८ मध्ये ते गोव्यात आणले, पुढे अरक्कोणम तळावर हलवले आणि २०१७ मध्ये निवृत्त केले. त्याचे काम आता पी-८आय विमाने करतात आणि २०२२ पासून त्यांची एक तुकडी गोव्याच्या हंसा तळावर आहे. प्रतिहल्ल्यासाठी हवाई दलाने ब्रह्मोसवाहू सुखोई आणि हवेत इंधन भरणारी विमाने हा मार्ग निवडला. स्वतंत्र बॉम्बर ताफ्याचा प्रचंड खर्च पाहता तो शहाणपणाचा म्हणावा लागेल.

दुबळी बाजू जमिनीवर

उणीव आहे ती जमिनीवर. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९च्या नियमांनुसार कारखान्याच्या कुंपणाबाहेरील आपत्कालीन आराखड्याची तालीम वर्षातून किमान एकदा होणे बंधनकारक आहे. ती कागदोपत्री होऊन भागणार नाही. भोंगा वाजल्यावर घरात थांबायचे की बाहेर पडायचे, वारा कोणत्या दिशेने वाहत असताना कुठे जायचे, हे आसपासच्या प्रत्येक गावाला माहीत असायला हवे. बाहेर पडण्याचा मुख्य रस्ता मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्यावर तासन्‌तास अडकणाऱ्यांना या मार्गाची मर्यादा वेगळी सांगायला नको.

युक्रेनने १ जून २०२५ रोजी ट्रकमध्ये दडवून नेलेल्या छोट्या ड्रोनांनी रशियाची बॉम्बर विमाने त्यांच्याच तळांवर जाळली. महागड्या शस्त्रांवर विसंबून जमिनीवरची सावधगिरी सोडली की काय होते, याचे ते उदाहरण. रोहा-नागोठण्याला युद्धकाळातील लक्ष्य म्हणून सरकारने मान्यता दिली आहे. त्या मान्यतेला साजेशी तयारी मे २०२५ मधील एका दिवसाच्या तालमीपुरती राहू नये, एवढीच येथील रहिवाशांची रास्त अपेक्षा असणार.