आलिशान एसयूव्ही स्वस्तात, दुरुस्ती मात्र मूळ भावात

कोट-सव्वा कोटीची आलिशान एसयूव्ही आठ-दहा वर्षांनी वीस-पंचवीस लाखांत मिळते. नव्या फॉर्च्युनरलाही याहून जास्त पैसे पडतात, त्यामुळे टेंभुर्णीसारख्या महामार्गावरच्या गावातही अशा जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक असते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत पडत्या भावात येऊ लागल्या. अकलूजला जाऊन एमएच-४५ पासिंग केले की गाडी दारात उभी राहते. तिचे सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच दराने घ्यावे लागतात. खरेदीच्या दिवशी नेमका हाच हिशेब कोणी मांडत नाही.

सर्वात जास्त फसगत एअर सस्पेन्शनमध्ये होते. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. आठ-दहा उन्हाळे काढलेल्या रबराला घडीपाशी बारीक चिरा पडतात. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि शेतरस्त्याचा काळा चिखल घडीत वाळून बसला की गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला रबर घासले जाते. याची खूण पहाटे दिसते. रात्री सपाट फरशीवर लावलेली गाडी एका कोपऱ्यात चार बोटे बसलेली असते. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर घरघरतो, गाडी हळूहळू उठते आणि मालक निर्धास्त होतो. खरे नुकसान इथूनच सुरू होते. गळती भरून काढताना कॉम्प्रेसर सोसवेल त्यापेक्षा जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. मॉडेलनुसार एका बाजूच्या फुग्याला पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंत खर्च येतो, कॉम्प्रेसरचा खर्च वेगळा. पहिल्याच पहाटे गाडी दाखवली असती तर निदान कॉम्प्रेसर वाचला असता.

दुसरे दुखणे उष्णतेचे. ताकदीचे टर्बो इंजिन, भोवती दाटीवाटीने बसवलेले भाग आणि त्यांतून जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. पोर्शे कायनच्या पहिल्या पिढीतील व्ही-८ इंजिनात कूलंटच्या प्लॅस्टिक नळ्या वरच्या मॅनिफोल्डखाली दडलेल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या तापाने त्या ठिसूळ होऊन फुटू लागल्या आणि पुढे त्यांची जागा ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी घेतली. अशा इंजिनांत नळी किंवा गॅस्केट स्वस्त असते, पण तिथवर हात पोहोचायला अर्धे इंजिन उघडावे लागते. बिलात मजुरी जड होते ती त्यामुळे. टेंभुर्णी परिसरात उसाच्या हंगामाची भर पडते: ट्रॉल्यांमागून जाताना उडालेले पाचट रेडिएटरच्या जाळीत अडकते, हवा कोंडते आणि तापमानाचा काटा चढतो.

गिअरबॉक्सबाबत एक समज घट्ट रुजला आहे, की त्याचे तेल आयुष्यभर पुरते. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हर यांच्या अनेक मॉडेलांत असतो. ही कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. अनेक गाड्यांत तेलाची चाळणी प्लॅस्टिकच्या तळातच बसवलेली असते, म्हणून तळासकट नवा भाग घ्यावा लागतो. हा खर्च हजारांत मोजता येतो. तो टाळला आणि आतले नियंत्रण युनिट बिघडले, तर तो लाखांत जातो. डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर महामार्गावर लांब पळताना आत साचलेली काजळी जाळून साफ होतो, पण वस्तीवरून शेतात आणि शेतातून वस्तीवर एवढ्याच फेऱ्या झाल्या तर तो चोंदतो.

हे दोष ओळखणे गावातल्या मेकॅनिकच्या आवाक्याबाहेरचे नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि बोलेरोची इंजिने उतरवणाऱ्या हातांत कौशल्य कमी नाही. अडते ते कंपनीचे स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि अस्सल सुटे भाग न मिळाल्याने. म्हणून बिघडलेली गाडी टोइंगच्या ट्रकवर चढते आणि दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या पुण्याला जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता: सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवणे. प्रकरण अपिलांत गेले. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पण पोर्टलवर माहिती असणे वेगळे आणि महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये स्कॅनर चालणे वेगळे. तालुक्याच्या गॅरेजला रास्त शुल्कात ही साधने देणे कंपन्यांवर बंधनकारक केल्याशिवाय टोइंगचा फेरा चुकणार नाही.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी आणि अधिकारपत्र सक्तीचे झाले. ताब्यातली गाडी कुठे, कशासाठी आणि किती किलोमीटर चालवली याचे इलेक्ट्रॉनिक रजिस्टरही त्यांना ठेवावे लागते. त्याच नियमांत आणखी एक कलम घालावे: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील संपूर्ण दुरुस्ती-नोंद आणि विक्रीपूर्वीचा स्कॅनर अहवाल, दोन्ही कागद सहीशिक्क्यासह खरेदीदाराला विसार घेण्याआधी दिले पाहिजेत. एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीची चारही चाकांवरची उंची रात्री आणि सकाळी मोजून त्या अहवालात लिहावी. त्यासाठी साधा मोजपट्टीचा टेप पुरतो.

— एक वाचक, टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर)