थरथर कुठून येते ते आधी शोधा

शेतकऱ्यांच्या पत्रकात गाडीच्या ब्रेकचा विषय कशाला, असे काही जण विचारतील. पनवेल, कर्जत, खालापूर, पेणहून पहाटे वाशी मार्केटला जाणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत ते विचारणार नाहीत. भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ साली वाशीला आला, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि गावागावात पिकअप आली. आज त्या गाडीत पुढे ड्रायव्हर आणि मालवाला, मागे काकडी-तोंडल्याची पोती आणि पुष्कळदा पोत्यांवर बसलेली माणसेसुद्धा असतात. ती गाडी वेळेवर थांबली नाही तर कुणाच्या घरावर काय येईल, ते सांगायला नको.

बहुतेक जुन्या गाड्यांबद्दल एक तक्रार ऐकू येते. पळताना ठीक आहे, पण वेग कमी करायला गेले की थरथरते. तक्रार एका वाक्याची, उपाय मात्र गॅरेजागणिक वेगळा. एक म्हणतो लायनर बदला, दुसरा म्हणतो बॅलन्सिंग करा, तिसरा सरळ डिस्कचा जोड काढून ठेवतो. तीन फेऱ्या, तीन बिले, आणि पळस्प्याच्या सिग्नलला गाडी पुन्हा थरथरतेच.

आमचे शिक्षण शेतकीचे. भाताचे पान पिवळे पडले की दुकानदार युरियाची गोणी पुढे करतो, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहत आलो. पान कोणते पिवळे पडले, जुने की नवे, खाचरात पाणी किती दिवस तुंबले आहे, जस्त कमी आहे का, हे न विचारता दिलेला युरिया म्हणजे पैसे पाण्यात. गाडीच्या बाबतीतही आमचे म्हणणे इतकेच आहे की विचारल्याशिवाय पार्ट बदलू नका. आणि विचारायचे कोणाला, तर जो रोज ती गाडी चालवतो त्याला. गाडी मालकाच्या नावावर असते, बिल मालक देतो, म्हणून गॅरेजवाला मालकाशी बोलतो आणि ड्रायव्हर बाजूला विडी ओढत उभा राहतो. ज्याच्या हाताला, पायाला, बुडाला ती थरथर कळली आहे तोच माणूस या चौकशीतून बाहेर राहतो.

पहिला प्रश्न हा की थरथर ब्रेकवर पाय दिल्यावर येते, की नुसता अॅक्सिलरेटर सोडला तरी येते? या एका प्रश्नाने अर्धे काम होते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना ताशी साठचा वेग घ्यावा आणि ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, वेग उतरू द्यावा. थरथर आली तर लायनर आणि डिस्क यांच्यावर खर्च करण्याचे कारण नाही. दोष चाकात, शाफ्टमध्ये किंवा इंजिनाच्या बैठकीत आहे.

चाकाचा दोष बहुधा ठरावीक वेगालाच दिसतो. साठ-सत्तरच्या आसपास थरथर सुरू होते आणि वेग आणखी उतरला की नाहीशी होते. वेग वाढवताना त्याच आकड्यावर ती येते का, तेही पाहावे. आपल्या भागात याचे एक कारण अगदी फुकट सापडते. पावसाळ्यात बांधावरून निघालेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. मूठभर वाळला चिखल एका बाजूला असला तरी चाकाचा तोल जातो. म्हणून बॅलन्सिंगच्या दुकानात जाण्याआधी चाके आतून धुवावीत. मग टायरवर हात फिरवावा. कुठे फुगा आहे का, रिमोल्ड केलेल्या टायरची पट्टी सुटते आहे का? गोवा महामार्गावर पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या खड्ड्यांनी किती रिमा वाकवल्या याची नोंद कोणत्याच खात्यात झालेली नाही.

थरथर ठरावीक वेगाची नसेल, पाय सोडला की खालून, फळीतून जाणवत असेल, सोबत धडधड किंवा टकटक असेल, तर प्रोपेलर शाफ्टकडे वळावे. अॅक्सिलरेटर दिला असताना इंजिन चाकांना ओढते. पाय सोडला की उलट होते, चाके इंजिनाला ओढू लागतात. शाफ्टच्या क्रॉसमध्ये झीज असेल तर जोर असा उलटला की ती बोलू लागते. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून पाहावा. क्रॉसच्या सांध्यात खेळ लागला की दोष सापडला. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्यावे. क्लच दाबताच थरथर थांबली तर इंजिनाची फाउंडेशने पाहावीत. ही क्लचची परीक्षा घाटात करू नये, कधीच नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण गॅरेजवाले ती सांगत नाहीत. जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घेण्याची पद्धत गावोगाव आहे. पाटे वाढले की मागचा भाग उचलतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉसवर कायमचा जाच सुरू होतो. अशी गाडी रिकामी असताना थरथरते आणि भरली की शांत होते, आणि मालक म्हणतो की माझ्या गाडीला वजन मानवते. वजन मानवत नाही. वजनाने फक्त कोन पूर्वीच्या जागी येतो आणि त्याच वेळी ब्रेकवरचा भार वाढतो. एक टनाच्या ब्रेकने दोन टन थांबवायला निघालेली गाडी बोरघाट उतरताना काय करील, याचा विचार पाटा बसवताना करायला हवा. मालाला भाव नाही म्हणून एका खेपेत दुप्पट माल न्यायचा, हा हिशेब आम्हाला समजतो. तरीही तो तोट्याचाच आहे. फेरीचे वाचलेले डिझेल क्रॉस, बेअरिंग आणि टायर खाऊन टाकतात.

आता ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. स्टिअरिंग हातात हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर, आणि सीटखालून थरथर येऊन स्टिअरिंग स्थिर असेल तर मागच्या ड्रमवर. खात्री करायची तर मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरावे आणि दांडा हळूहळू ओढावा. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. जुन्या जीपच्या घडणीच्या ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर बसतो, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

डिस्क ‘वाकडी झाली’ असे सगळे म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर टोलनाक्याच्या रांगेत पाय दाबून उभे राहिले की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. पावसाळ्यात गाडी महिनाभर पडवीबाहेर उभी राहिली की पॅडखालच्या जागेचा गंज वेगळा आणि उघड्या जागेचा वेगळा. नवी डिस्क हबवरचा गंज न घासता बसवली तर तीही तिरकी फिरते. चाकाचे नट एका बाजूने सलग आवळत गेले तरी तसेच होते. ते समोरासमोरचे आवळत जावे लागतात. नुसते नवे पॅड टाकून थरथर गेली असे फार तर आठवडाभर वाटते. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. त्याच्याखाली गेलेली डिस्क कोणी कितीही स्वस्तात घासून दिली तरी घालू नये. पातळ डिस्क लवकर तापते.

एक चाक इतरांपेक्षा फार गरम लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपर जाम आहे. तो सोडवल्याशिवाय नवी डिस्क घालणे म्हणजे पुन्हा युरियाची गोणी. चाक उचलून वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ पाहायचा तो याच वेळी. पेडल खोल जात असेल किंवा ऑईल गळत असेल, तर ही सारी चौकशी नंतर. ती गाडी हलवूच नये, मिस्त्रीला गाडीकडे आणावे.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. त्या एका दिवसापुरती गाडी सजवून न्यायची आणि उरलेले वर्ष राम भरोसे, हे सर्रास चालते. २०२१ सालच्या भंगार धोरणापासून जुन्या गाडीचा मालक आधीच धास्तावला आहे. आमच्या मते जुनी गाडी म्हणून ती वाईट ठरत नाही. बारा वर्षांची नीट राखलेली गाडी पाच वर्षांच्या पाटे वाढवलेल्या गाडीपेक्षा भरवशाची असते. पण राखायची तर तिचा खर्च कुठेतरी लिहिला पाहिजे. पिकाचा खर्च मांडताना आपण बियाणे, खत, औषध, मजुरी लिहितो आणि गाडीच्या नावाने फक्त भाडे. लायनर, क्रॉस, टायर कुणाच्याच वहीत नाहीत. म्हणून ते आधी पुढे ढकलले जातात, आणि मग एकदम सावकाराकडे न्यावे लागतात.

या बैठकीला ज्या गाड्या येतील त्यांच्या ड्रायव्हरांनी जेवणाच्या सुट्टीत एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: थरथर कोणत्या वेगाला, ब्रेक दाबून की न दाबता, हातात की बुडाखाली, आणि गाडी रिकामी की भरलेली. अक्षर कसेही चालेल. तो कागद घेऊनच गॅरेजला जावे, आणि मिस्त्री तो वाचायला तयार नसेल तर कळंबोलीत दुसरे गॅरेज शोधायला वेळ लागत नाही.