जादा आलेला पगार

मार्चच्या पगारात मला साडेचार हजार रुपये जादा आले. आमची ही म्हणाली, "गप्प बसा, लक्ष्मी आपल्या पायांनी आलीय." पण दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात जन्म गेलेला मी बँकेतला कारकून! साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "अर्ज द्या."

पैसे परत करावेत, याबद्दल माझं दुमत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७२ वं कलम बी.कॉम.ला पाठ केलंय: चुकून मिळालेलं परत द्या. माझं भांडण आहे ते साहेबलोकांच्या घाईशी. पगार कमी आला तर "बघू पुढच्या महिन्यात". जादा गेला की लगेच कात्री, तीही एकरकमी! चूक करणारा निवांत चहा पितोय आणि आरोपी मी.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह खटल्यात सांगितलं, की तृतीय-चतुर्थ श्रेणीचे सरकारी नोकर आणि निवृत्त मंडळी यांच्याकडून अशी वसुली करू नये. २०१६ साली दुसरा निकाल आला: 'जादा आल्यास परत करीन' असं आधी लिहून दिलं असेल, तर वसुली होणार. आपण न वाचता कशाकशावर सह्या ठोकतो, ते आठवा!

म्हणून म्हणतो, हप्ते पाडून घ्या आणि आमचं देणंही तितक्याच तातडीने द्या.

माझे साडेचार हजार एप्रिलात कापले. मे महिन्यात पुन्हा कापले. ते परत मिळावेत म्हणून अर्ज दिलाय. तीन प्रतींत.